फळीवरचा दुसरा डबा

आमच्या मार्तंडाला बसता येत नाही. पायाला भिंगरी लावूनच तो जन्माला आला, आणि मी त्याची थोरली बहीण असल्यामुळे हे मला पहिल्यापासून माहीत आहे. लहानपणी पंगतीत वाढायला तोच उभा, जेवायला सगळ्यांत शेवटी. स्वतःच्या लग्नातही दोनदा उठला. एकदा मांडवाची दोरी सैल झाली म्हणून आणि एकदा उगाच. आता पन्नाशी आली तरी रविवारी घरात राहिला की नळाचा वॉशर बदल, पंख्याची पाती पूस, दिवाण या भिंतीचा त्या भिंतीला लाव, असं चाललेलं असतं. त्या दिवशी त्याची बायको अस्मिता दुपारीच माझ्याकडे येऊन बसते आणि म्हणते, ताई, सोमवार लवकर यायला पाहिजे.

मी मनीषनगरात त्याच्याच गल्लीत, समोरच्या बाजूला राहते. खाली माझं शिवणाचं दुकान, वर मी. ब्लाउज, फॉल-पिको, शाळेचे गणवेश. नवरा गेल्यापासून मशीन हाच माझा संसार आहे आणि दिवसाचे दहा-बारा तास मी त्यावर सहज काढते. मला कुणी ओव्हरटाइम देत नाही आणि थांबतेस का म्हणून विचारतही नाही. तेव्हा पुढं जे सांगणार आहे त्यात थोडी चीड आली तर ती माझी आहे, ती मी लपवणार नाही.

मार्तंड बुटीबोरीला पुठ्ठ्याची खोकी करणाऱ्या एका कारखान्यात आहे. तरुणपणी नरखेडजवळच्या आमच्या गावातून निघाला तो थेट तिथंच चिकटला. मोठमोठ्या रिळांवरचा कागद तापलेल्या रुळांतून जातो, त्याला लाटांसारख्या वळ्या पडतात, खळ लागते आणि पलीकडून पुठ्ठा बाहेर येतो. त्या मशीनपाशी मार्तंड उभा असतो. तिथं खुर्ची ठेवायला जागाच नाही, म्हणून त्याला तो कारखाना मानवला असं माझं मत आहे. गावाकडच्या संत्र्याचा हंगाम आला की खोक्यांची मागणी वाढते, मशीन थांबत नाही, आणि मग संध्याकाळी माणसांना थांबवून घ्यावं लागतं.

या थांबण्याची त्यांच्या खात्यात एक रीत आहे. संध्याकाळी कँटीन बंद असतं, त्यामुळे ज्याला ओव्हरटाइमला थांबायचं तो घरून दोन डबे आणतो. दुपारचा डबा आपापल्या कपाटात जातो आणि संध्याकाळचा पाण्याच्या कूलरवर एक फळी आहे, तिच्यावर. दुपारी चहानंतर सुपरवायझर येतो, फळीकडं बघतो आणि डबे बघून माणसं ठरवतो. कोण थांबतो, कोण नाही, हे तिथं कुणी कुणाला विचारत नाही. एकदा फळीवर चढलेला डबा ओव्हरटाइम झाल्याशिवाय खाली उतरत नाही, आणि उतरवणाऱ्याला खात्यात तोंड दाखवायला जागा राहत नाही. प्रत्येकाचा डबा सगळ्यांना ओळखू येतो. मार्तंडाचा पितळी कडीचा, आमच्या आईनं दिलेला.

हा दुसरा डबा अस्मितानं वर्षानुवर्षं भरला. पहाटे उठून दोन वेळचं रांधायचं. संध्याकाळपर्यंत टिकलं पाहिजे म्हणून त्यात रस्सा नाही, कोरडं पिठलं किंवा आलूची भाजी, पोळ्या आणि मिरचीचा ठेचा. मार्तंड रात्री यायचा, डबा मोरीत ठेवायचा आणि आंघोळीला जायचा. भाजी बरी होती की खारट, हे त्यानं कधी सांगितल्याचं मला तरी आठवत नाही. मुलगी अदिती शिकून पुण्याला नोकरीला गेली तोपर्यंत अस्मिताला संध्याकाळी बोलायला कुणीतरी होतं. मग तेही गेलं.

दोन वर्षांपूर्वी आई वारली आणि बापूजींना, म्हणजे आमच्या वडिलांना, मार्तंडाकडं आणलं. माझ्याकडं ते राहत नाहीत. लेकीच्या घरी मुक्काम करायचा नाही हे त्यांनी तरुणपणी ठरवलं आणि बाकी बरंच विसरले तरी हे विसरलेले नाहीत. दिवसभर ते बरे असतात. ऊन उतरलं की त्यांची चुळबुळ सुरू होते. गावी विहिरीवरच्या पंपाला रात्रीची वीज मिळायची, तेव्हा दिवेलागणीला टॉर्च घेऊन मोटर लावायला जायचं हे त्यांचं जन्माचं काम. आता मनीषनगरात ना विहीर ना संत्र्याची बाग, पण संध्याकाळ झाली की बापूजी टॉर्च शोधतात, चपला घालतात आणि म्हणतात, मोटर राहिली. एकदा बेसा रोडवरच्या एका बांधकामापाशी, बोअरचं काम चाललं होतं तिथं, वाळूच्या ढिगावर बसलेले सापडले. बाप आणि लेक दोघांचा स्वभाव एकच, फक्त लेकाला कारखाना होता आणि बापाला काही उरलं नव्हतं.

म्हणून संध्याकाळी घरात कुणीतरी पाहिजे हे ठरलं, आणि तो कुणीतरी म्हणजे अस्मिता हे न ठरवताच ठरलं.

मग या उन्हाळ्यात अस्मितानं सगळ्यांना चकित केलं. आमच्या गल्लीच्या टोकाला नोकरी करणाऱ्या मुलींचं होस्टेल आहे. मिहानमधल्या कंपन्यांत कामाला जाणाऱ्या, बँकेच्या परीक्षा देणाऱ्या मुली. तिथली स्वयंपाकीण सोडून गेली आणि होस्टेल चालवणाऱ्या मेघा मॅडमनी माझ्या दुकानात ब्लाउज टाकताना कुणी आहे का म्हणून विचारलं. मी अस्मिताचं नाव सांगितलं. साडेसहाला जायचं, नवाच्या सुमारास परत. पहिल्याच दिवशी एका मुलीनं भरल्या वांग्याचा रस्सा बोटानं पुसून खाल्ला आणि म्हणाली, काकू, तुम्ही आता कुठं जाऊ नका. अस्मितानं हे मला दोनदा सांगितलं, आणि दुसऱ्यांदा सांगताना तिचे डोळे भरले होते.

मार्तंडानं ओव्हरटाइम सोडायचं कबूल केलं. नाही म्हणायला तोंडच नव्हतं. पितळी कडीचा डबा घासून वरच्या फडताळात गेला. कंपनीची बस सव्वासहाला गल्लीच्या तोंडाशी थांबते. अस्मिता पदर खोचून, पिशवी घेऊन फाटकात उभी राहायची. मार्तंड उतरला की ती निघायची. दोघं दोन मिनिटं फाटकात बोलायची, बापूजींनी चहा घेतला, गोळी राहिली, एवढंच. मी दुकानातून बघायचे. मार्तंड घरात जायचा आणि मला त्याचा आवाज ऐकू येत राहायचा, भांडी सरकवल्याचा, हातोडीचा, पुन्हा भांड्यांचा. बापूजी दारापाशी टॉर्च घेऊन आणि मार्तंड घरभर येरझारा घालत. पिंजऱ्यात दोन जीव कोंडल्यासारखं ते घर वाटायचं.

पोळा होऊन गेला आणि टीव्हीवर बातमी आली. सरकारनं कामाचे तास वाढवायचं ठरवलं होतं. कारखान्यात दिवसाला नऊचे बारा तास करता येतील, तीन महिन्यांत जेवढा ओव्हरटाइम घेता येतो त्याची मर्यादा वाढेल, वीस किंवा जास्त माणसं असलेल्या दुकानांना नऊचे दहा. पण कामगाराची लेखी संमती पाहिजे. कायदा अजून व्हायचा होता. पण बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, तसं कंपनीच्या बसमध्ये भांडण जुंपलं. त्यांच्या खात्यातला साहिल नवीन लग्न झालेला, त्याचं म्हणणं, दुप्पट दरानं पैसा मिळतो तर घ्यावा. सुशील युनियनमधला, तो म्हणायचा की संमती म्हणजे नुसतं नाव, नाही म्हणणाऱ्याचं तोंड साहेबांच्या बरोबर लक्षात राहतं. मार्तंड दोघांच्या मधल्या सीटवर बसायचा आणि मूग गिळून राहायचा. हे मला सुशीलनंच सांगितलं.

दोन आठवड्यांनी कारखान्यात संमतीचे कागद वाटले. कायदा आला तर तयारी असावी म्हणून, दसऱ्याच्या आधी सही करून द्या, जबरदस्ती नाही, असं ऑफिसातल्या श्वेता मॅडमनी समजावून सांगितलं. मुलगी सरळ होती, तिनं नियम सांगितला तो खराच होता. मार्तंडानं कागद घडी करून खिशात ठेवला आणि घरी काही सांगितलं नाही. पण धुण्याच्या वेळी खिसे बायकोच उलटे करते, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

अस्मितानं कागद वाचला, पुन्हा खिशात ठेवला, शर्ट धुतला नाही. मग माझ्याकडे आली. बारा तास म्हटल्यावर सव्वासहाची बस गेली. बस गेली की फाटक गेलं आणि फाटक गेलं की होस्टेल गेलं. ती हे बोटांवर मोजल्यासारखं बोलली. मी म्हटलं, विचार त्याला. ती म्हणाली, त्यानं सांगू दे. माझ्या हाताखाली एका नवरीचा ब्लाउज होता आणि रागाच्या भरात मी त्याची एक बाही उलटी लावली.

त्या दिवसांत मार्तंड पार हैराण होता. संध्याकाळी फाटकात उभा राहून कुलपात तेल घाल, पुन्हा पुस. एकदा माझ्या दुकानात आला, मशीनचा पट्टा ढिला आहे म्हणाला, आणि चांगला चालणारा पट्टा इतका ताणला की दुसऱ्या दिवशी तुटला. मी विचारलं, कागदाचं काय ठरवलंस. तो दचकला. मग म्हणाला, बघू. त्याच्या 'बघू'ला मी लहानपणापासून ओळखते. त्याचा अर्थ असतो की मनातून ठरलं आहे, फक्त कुणीतरी दुसऱ्यानं सांगावं.

आणि मग ते डब्याचं झालं.

सुशीलची बायको बाळंतपणाला माहेरी गेली होती आणि तो सकाळ-संध्याकाळ बिस्किटं खाऊन राहत होता. अस्मिताला कळलं तेव्हा ती म्हणाली, बाळंतिणीचा नवरा उपाशी राहिला तर आपल्याला बरं वाटेल का. तिनं सकाळी दोन डबे भरले, एक मार्तंडाचा आणि एक सुशीलचा. दुसरा डबा म्हणून फडताळातून पितळी कडीचाच काढला. मार्तंडानं कारखान्यात पोचल्यावर पहिला डबा कपाटात टाकला, आणि दुसरा सुशीलला द्यायचा तो, इतक्या वर्षांच्या सवयीनं, हातानं आपोआप फळीवर ठेवला. सुशील त्या दिवशी आलाच नाही. त्याला रात्रीच मुलगी झाल्याचा फोन आला होता आणि तो पहिल्या एसटीनं सासरी पळाला होता.

दुपारी चहानंतर सुपरवायझर श्रीधर आला. फळीवर पितळी कडी बघून त्याला आनंद झाला, असं साहिल सांगतो. बऱ्याच महिन्यांनी मार्तंडाचा डबा चढला होता आणि हंगाम तोंडावर होता. त्यानं मार्तंडाच्या पाठीवर थाप मारली आणि त्या मशीनवर थांबणाऱ्या दुसऱ्या माणसाला जायला सांगितलं. मार्तंडानं बोलायला तोंड उघडलं होतं. हा डबा माझा नाही, एवढंच म्हणायचं होतं. तो बोलला नाही.

मी त्याला नंतर विचारलं, काहून बोलला नाहीस. तो म्हणाला, चढलेला डबा उतरवायची लाज वाटली. त्यात खोटं काही नाही, पण ते सगळं खरंही नाही. त्या दिवशी संध्याकाळी घरी यायचं नाही, दारापाशी टॉर्च घेऊन उभा असलेला बाप बघायचा नाही, याची त्याला सुटका वाटली. माझा भाऊ आहे, तरी सांगते, मला त्याचा त्या वेळी भयंकर राग आला.

मी त्या दिवशी अस्तराचं कापड आणायला इतवारीच्या बाजारात गेले होते. सव्वासहाला बस आली. अस्मिता पिशवी घेऊन फाटकात उभी. साहिल उतरला आणि म्हणाला, काकू, भाऊ ओव्हरटाइमले थांबले, डबा होता ना फळीवर. बस निघून गेली. तिनं फोन लावला. मशीनवर असताना फोन कपाटात ठेवावे लागतात, तो वाजत राहिला. मला लावला तर मी इतवारीच्या गर्दीत, मला ऐकू आला नाही. आत बापूजी चपला घालत होते. होस्टेलवर मुली जेवणाची वाट बघत होत्या आणि त्या दिवशी मदतनीस बाईही आली नव्हती.

अस्मितानं दाराला कुलूप लावलं, बापूजींचा हात धरला आणि म्हणाली, चला बापूजी, मोटर लावाले.

होस्टेलच्या फाटकात पुरुषांना मनाई आहे, तशी मोठी पाटीच आहे. चौकीदारानं अडवलं, मेघा मॅडम खाली आल्या. अस्मिता एरवी मान खाली घालून बोलणारी बाई. त्या दिवशी ती म्हणाली, "मॅडम, एक तर हे अंदर येतीन, नाई तर मी इथूनच वापस जातो." मेघा मॅडमनी आधी म्हाताऱ्याकडं बघितलं, मग वरच्या गॅलरीत भुकेनं उभ्या असलेल्या मुलींकडं, आणि मागच्या अंगणात खुर्ची टाकायला सांगितली.

मागच्या अंगणात पाण्याची मोटर होती. होस्टेलचं हे रोजचं दुखणं. चौकीदार मोटर लावायला विसरायचा आणि संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरून पाणी नाही, पाणी नाही, अशी ओरड व्हायची. त्या दिवशीही झाली. बापूजींनी खुर्चीतून मान वर केली आणि विचारलं, मोटर कोन लावते इथं. कुणी उत्तर देण्याआधी ते उठले, बटण दाबलं आणि पाइपाला हात लावून उभे राहिले. पाणी चढलं हे हाताला कळल्यावर खुर्चीत येऊन बसले. टाकी भरून वाहायला लागेपर्यंत जागचे हलले नाहीत, भरल्यावर मोटर बंद केली, दोन पोळ्या खाल्ल्या आणि घरी येईपर्यंत विहिरीचं नाव काढलं नाही. आई गेल्यापासून अशी संध्याकाळ त्यांना मिळाली नव्हती.

मार्तंड ओव्हरटाइमच्या बसनं नवानंतर आला तेव्हा दाराला कुलूप होतं. तोवर मी इतवारीहून परतून दुकान बंद करत होते. तो धावत माझ्याकडं आला, तोंडचं पाणी पळालेलं. मलाही काही माहीत नव्हतं. आम्ही दोघं गल्लीत उभे असताना समोरून ते दोघं येताना दिसले. बापूजी पुढं, टॉर्च लावून, सुनेला खड्डे दाखवत. अस्मितानं कुलूप काढलं, बापूजींना आत झोपवलं आणि बाहेर ओट्यावर आली. मार्तंड पायऱ्यांवर उभा होता. त्याच्या हातात पितळी कडीचा डबा होता, भरलेला, तसाच. त्याच्यानं तो खाववला नव्हता.

"तो कागद कोनाचा हाये?" तिनं विचारलं.

मार्तंड म्हणाला, माझा.

"आन् सही कोनाची लागते?"

तो म्हणाला, माझी.

"मंग इतके वर्षं दुसरा डबा कोन भरत होतं? सरकारले तरी सुचलं, का माणसाले इचारून घ्या. मले तुमी एक डाव तरी इचारलं का? आज दोन भर, एवढंच म्हनत होते तुमी."

बापूजी हरवले असते तर, असं काहीतरी तो पुटपुटला. ती म्हणाली, हरवले नाही, मी होते म्हणून. मग तिनं त्याच्या हातातला डबा घेतला.

"सही तुमची, करा का नोका करू. डबा माहा हाये. उद्यापासून एकच भेटन."

ओरडली नाही, रडली नाही. मला वाटलं होतं मी मध्ये पडून भावाला चार शब्द सुनवीन. पण सुनवायला काही शिल्लकच राहिलं नव्हतं, म्हणून मी घरी गेले.

आता गंमत बघा. मेघा मॅडमना तिसऱ्या मजल्यावरचं पाणी आवडलं. बापूजींनी रोज यावं, असं त्यांनी सांगितलं. तेव्हापासून आमचे वडील, टाकी आधी भरावी म्हणून, रोज अर्धा तास लवकर, सहालाच सुनेबरोबर कामावर जातात. पगार नाही, दोन पोळ्या आणि एक खुर्ची. मुली त्यांना मोटरवाले आजोबा म्हणतात. म्हणजे अस्मिताला आता सव्वासहाच्या बसची वाटच बघायची नव्हती. मार्तंड सुटला होता. बारा तास थांबला तरी घरी कुणाचं काही अडणार नव्हतं. डबा एक तर एक, कारखान्याबाहेर समोसे मिळतात. त्याला हवं होतं ते सगळं त्याच्या पदरात पडलं होतं आणि दसरा चार दिवसांवर होता.

पहिल्या संध्याकाळी तो बसनं आला आणि कुलूप काढून आत गेला. मी कान देऊन होते, हातोडी कधी सुरू होते म्हणून. झाली नाही. थोड्या वेळानं दिवासुद्धा लागला नाही, तेव्हा मी जाऊन बघितलं. तो समोरच्या खोलीत खुर्चीवर बसला होता, बूटही न काढता. माझा भाऊ बसलेला बघून मलाच भीती वाटली. मी दिवा लावला. तो म्हणाला, चहा करायचा होता पण साखर कुठं असते ते सापडलं नाही. मी डबा दाखवला, गॅसजवळच होता. मग त्यानं विचारलं, "ताई, अस्मिता इतके वर्षं रोज संध्याकायी काय करत होती?"

"वाट पाहत होती," मी म्हटलं. "अजून काय करन?"

त्यानं मान हलवली. चहा केला, मलाही दिला. साखर दुप्पट झाली होती. मी प्यायले.

दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी तो पुन्हा तसाच. घरात जायचा, बाहेर यायचा, फाटकात उभा राहायचा, जिथं ती उभी राहायची बरोबर तिथं. गल्लीच्या टोकाकडं बघायचा. एकदा होस्टेलपर्यंत जाऊन परत आला. बायकोनं इतकी वर्षं जे केलं ते त्याला तीन संध्याकाळीसुद्धा झेपेना, आणि मला त्याची दया आली हे मी कबूल करते, राग पुरता गेला नव्हता तरी.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी श्रीधर खात्यात कागद गोळा करायला आला. पुढं काय झालं ते साहिलनं दुसऱ्या दिवशी आपट्याची पानं द्यायला आला तेव्हा सांगितलं. साहिलनं स्वतः सही करून दिली होती. मार्तंडाचा कागद घडी पडून मऊ झाला होता. त्यावर सही नव्हती. श्रीधर म्हणाला, मार्तंडभाऊ, तुमच्याकडून तर पक्की वाटत होती. सगळं खातं बघत होतं. मार्तंडानं त्याला कायद्याचं काही सांगितलं नाही, बायकोचं नाही, बापाचं नाही.

"घरून एकच डबा येते, साहेब," तो म्हणाला.

त्या खात्यात याच्यापुढं विचारायचं काही राहत नाही. श्रीधरनं कोरा कागद बाकीच्यांच्या खाली ठेवला आणि पुढं गेला. त्याचं तोंड लक्षात राहिलं की नाही, ते सुशीलला विचारलं पाहिजे. पुढं कायद्याचं काय व्हायचं ते होईल. मार्तंडाची मात्र बस सव्वासहाची आहे.

दसरा झाल्यावर होस्टेलवर नव्या मुली आल्या आणि अस्मिताला तासभर जास्त थांबावं लागायला लागलं. त्याचे पैसे मिळतात का, म्हणून मार्तंडानं विचारलं तर ती हसली. आम्ही मोजून पाच बाया, तुमचा कायदा आमच्या गल्लीत येईपर्यंत मी म्हातारी होईन, म्हणाली. साठ मुलींचं वाढून होईपर्यंत तिला खायला वेळ मिळत नाही, घरी येऊन उरलंसुरलं गिळते, हे त्याला बापूजींकडून कळलं.

काल मला होस्टेलवर एका मुलीचे शिवलेले कपडे द्यायचे होते. मार्तंड म्हणाला, थांब, मी पण येतो. त्याच्या हातात पितळी कडीचा डबा होता. मी झाकण उघडून बघितलं. खिचडी होती, खाली लागलेली, हळद जरा जास्तच. मी काही बोलले नाही, आणि माझ्यासाठी हे सोपं नसतं.

चौकीदारानं त्याला फाटकात अडवलं आणि कोण पाहिजे म्हणून विचारलं. मार्तंडानं डबा दाखवला. चौकीदार आत सांगायला गेला. जाळीतून मागचं अंगण दिसत होतं. मोटर चालू होती, बापूजी पाइपाला हात लावून उभे होते, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत अस्मिताची पाठ दिसत होती. मार्तंड या पायावरून त्या पायावर झाला. डबा या हातातून त्या हातात घेतला. बापूजींना तो दिसला. त्यांनी ओळखलं की नाही कोण जाणे, पण टॉर्च वर करून म्हणाले, "थांब गा. टाकी भरू दे."

मार्तंड भिंतीला टेकून उभा राहिला. मी माझं काम करून बाहेर आले तेव्हाही तो तिथंच, डबा छातीशी धरून उभा होता. घरी चल म्हटलं, तर म्हणाला, तू जा, ती बाहेर येईपर्यंत मी थांबतो.